मरियामातेची कारल्याची फुलं

पहिली मधमाशी आली तेव्हा क्लारिताने तिला हाताने नुसतं हाकललं. दुसरी आली तेव्हा कपाळाला आठी पडली. तिसरी मात्र सरळ येऊन नुकत्याच उमललेल्या मादी फुलात शिरली आणि आरामात बसली — जणू तिच्यासाठीच ते मांडून ठेवलं होतं! क्लारिताने परडी खाली ठेवली आणि कारल्याच्या मंडपाखालून वाकून ती बाहेर आली.

पाटापलीकडे, काल संध्याकाळपर्यंत जिथे ओसाड रान होतं, तिथे निळ्या पेट्यांची रांग लागली होती. पेट्यांच्या मधोमध उकिडवा बसून एक तरुण पत्र्याच्या मगातून कॉफी पीत होता. पहाटेचा वारा त्या कॉफीचा वास पार तिच्यापर्यंत आणत होता, आणि तिला त्या वासाचाही रागच आला.

“ओ! ह्या माश्या तुमच्या का?”

“मधमाश्या,” तो उठून उभा राहिला. बोलण्यात दक्षिणेचा, बातांगासकडचा लांबट हेल होता. “आणि माझ्या म्हणजे... राहतात माझ्याकडे. ऐकत कुणाचंच नाहीत.”

“माझ्या फुलांवर येतायत त्या.”

“फुलांनी बोलावलं असेल.”

“माझी फुलं कुणालाही बोलावत नाहीत!” ती म्हणून गेली, आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “म्हणजे... झाकून ठेवते मी ती. या, बघा.”

तो पाट ओलांडून आला. मंडपाखाली हिरवा, दमट उजेड होता. वेलींवर जागोजागी कागदाच्या छोट्या छोट्या टोप्या दिसत होत्या. तो एकेका टोपीकडे नवलाने बघत चालला.

“फुलांना टोप्या?”

“मादी फुलांना. संध्याकाळी कळी असतानाच घालते, सकाळी काढते. नर फूल आणून हाताने परागण करायचं आणि पुन्हा टोपी. वर लाल दोरा, म्हणजे कळतं की हिचं झालं.” समजावून सांगताना तिचा राग नेहमीच निम्मा होत असे, तिला स्वतःचा हा दोष माहीत होता. “ह्या इकडच्या रांगा आईच्या, फळ ह्यांच्यावर धरायचं. आपलं इकडचं, इलोकोसचं कारलं. ठेंगणं, खरबरीत, कडूजहर. पण आजारपण कशाला म्हणतात ते ठाऊक नाही त्याला. आणि ती पाटाकडची एकच रांग बापाची, नर फुलं तिकडून घ्यायची. लांब, देखणा, फळांनी लगडतो. पण कुणी शिंकलं तरी अंथरूण धरतो.”

“माझा काका अगदी असाच आहे.”

तिने हसू दाबलं. “दोघांचं जमलं तर आमच्या शेतकऱ्याला दुप्पट तोडा मिळेल, आणि वेलही उभी राहील. चार वर्षं खपतेय मी ह्याच्यावर.”

“थोडक्यात, लग्न जमवता तुम्ही.”

“हो. आणि लग्नात आगंतुक नकोत. कळलं?”

त्याने टोपी काढून छातीशी धरली. “क्रिसांतो. आगंतुकांचा मालक. कलिंगडवाल्यांनी बोलावलंय मला, त्यामुळे निघून तर जाता येणार नाही, मॅडम. पण सकाळी तुमचं काम संपेपर्यंत पोरींना दार लावून घरात बसवतो. चालेल?”

“पोरी?”

“कामाला बाहेर पडतात त्या सगळ्या पोरीच असतात. पोरगे घरात बसून खातात.”

दुसऱ्या दिवशी पहाटे क्लारिता आली ती मनातून खात्री बाळगूनच, की ह्या माणसाला झोप लागली असणार. पण निळ्या पेट्यांच्या तोंडांवर बारीक जाळी ठोकलेली होती. वर ओली पोती पांघरली होती. आतून दबकी, अखंड गुणगुण येत होती. आणि तो बादलीतून पोत्यांवर पाणी शिंपडत उभा होता. उन्हात कोंडलेल्या पेटीतलं मेण मऊ पडतं, मग पोळं ढासळतं आणि पोरी गुदमरतात, असं त्याने नंतर सहज बोलता बोलता सांगितलं. ते ऐकल्यापासून क्लारिताचे हात जरा भरभर चालू लागले. कुणासाठी, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

क्लारिताचा स्वभावच काळजीचा. सरकारी भाजीपाला केंद्राचा हा लहानसा तुकडा तिच्या भरवशावर होता, आणि झोपेतसुद्धा तिला टोपी उडालेली फुलं दिसत. तिची आई तिकडे होनोलुलूला हॉटेलात कामाला होती. दर रविवारी फोन करायची आणि फोनच्या मागोमाग कुणा ना कुणा मुलाचा फोटो पाठवायची. हा नर्स आहे, ह्याचं घर स्वतःचं आहे, हा आपल्याच गावचा आहे. क्लारिता फोटो बघायची, बराच वेळ बघायची, आणि बाजूला ठेवायची. वेलींच्या बाबतीत जी नजर लखलखीत चालायची ती इथे का अडायची, कुणास ठाऊक.

घरात होती ती मावशी, आन्ती पुरिंग. मे महिना म्हणजे आन्तीचा महिना. रोज दुपारी गावातल्या पोरी फुलं घेऊन मरियामातेपुढे जातात. चॅपलची किल्ली आन्तीच्या कमरेला आणि फुलं कमी पडता कामा नयेत हा तिचा ध्यास. महिनाअखेर गावात एका कुंपणावर फूल राहत नसे. म्हणून आन्ती रोज सकाळी शेतावर यायची. शुद्ध बियाण्यासाठी आईच्या वेलींवरची नर फुलं क्लारिता खुडून टाकून देई. ती आन्ती स्कर्टच्या ओच्यात गोळा करायची.

“बघ गं, सोन्यासारखी पिवळी! आणि ही मातीत टाकते.”

“नर आहेत ती, आन्ती. काही कामाची नाहीत.”

“ऐकलंस का रे, हिजो, पोरा?” आन्ती पाटापलीकडे ओरडायची. “नर काही कामाचे नाहीत म्हणे!”

“माझ्या पोरीही हेच म्हणतात, आन्ती!” पलीकडून उत्तर यायचं.

आन्तीने त्याला एकदा जेवायलाही बोलावलं. मासळीच्या खारात शिजवलेली वांगी, भेंडी आणि ठेंगणी कडू कारली. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आन्ती टक लावून बघत होती. त्याने घास गिळला, पाणी प्यायला, आणि ताट पुढे केलं. “अजून थोडं वाढा.”

“खोटारडा,” क्लारिता हळूच म्हणाली.

“कडू आहे,” तोही तितक्याच हळू म्हणाला. “पण गिळल्यावर मागून काहीतरी गोड येतं. तुमच्याकडे सगळंच असं आहे का?”

तिने भाताकडे बघत जेवण संपवलं. आन्तीने भाताच्या भांड्यावर झाकण जरा जास्तच जोरात ठेवलं.

एकदा परागण आटोपून ती पाटात पाय सोडून बसली होती. तो पलीकडच्या काठावर, पेट्यांच्या जाळ्या काढून. मधमाश्या सुटलेल्या, कलिंगडांच्या रानाकडे धावत होत्या.

“इतकं पारखून जमवल्यावर चांगलंच निघतं का हो नेहमी?” त्याने विचारलं.

“कुठलं! दोन्ही बाजू उत्तम, आणि पोटी आलं ते एकदम पुळचट, असं कितीदा झालंय.”

“मग पारखताना बघता तरी काय?”

ती विचारात पडली. पाण्यात बोटं हलवत म्हणाली, “एकाला जे कमी आहे ते दुसऱ्याकडे आहे का... एवढंच. बाकी सगळं अंधारात. पेरल्याशिवाय कळत नाही.”

त्याने हातातली जाळी गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, “माझ्याकडे धीर आहे. भरपूर.”

“बरं मग?”

“काही नाही. तुमच्याकडे जरा कमी दिसला.”

तिने त्याच्या अंगावर पाणी उडवलं. पाट रुंद होता. पाणी पोचलं नाही. पण तो भिजल्यासारखा मागे सरकला, आणि ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी.

आणि नेमकं त्याच आठवड्यात बापाच्या वेलींची पानं आकसू लागली. शेंड्याकडून पिवळी, चुरगळलेली. केंद्रातून साहेब येऊन बघून गेले. रोग होता. पसरू नये म्हणून ती रांग उपटून जाळायची, मुदत उद्या दुपारची.

“सर, अजून निम्म्याहून जास्त फुलं राहिलीत,” क्लारिता म्हणाली. “एवढ्या बियाण्यात शेतकऱ्यांकडची चाचणी होणार नाही.”

“उद्या सकाळ आहे तुझ्याकडे. त्यात होईल तेवढं कर.” साहेब वाईट नव्हते; त्यांनी नजर वळवली. “यंदा चाचणी झाली नाही तर ही योजना बंद होईल, क्लारिता. मी पुढे काही बोलू शकणार नाही.”

त्या संध्याकाळी तिने हात चालतील तितक्या मादी कळ्यांना टोप्या घातल्या. सगळे मंडप पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेले. बापाच्या आजारी वेलींनी, जाता जाता काय वाटलं कोण जाणे, कळ्यांचा नुसता पाऊस पाडला होता. एका पहाटेला पुरून उरतील इतक्या. ती निश्चिंत घरी गेली.

पहाटे येऊन बघते तर बापाच्या रांगेवर एक फूल नाही. एक कळी नाही. नुसती आकसलेली पानं.

ती तिथेच मटकन बसली. क्रिसांतो पोत्यांवर पाणी शिंपडत होता, त्याने बादली टाकली आणि पाट ओलांडून धावत आला. तेवढ्यात मंडपाच्या टोकाशी आन्ती उभी दिसली, प्रसन्न चेहऱ्याने.

“अगं, आज तुला खुडायचा त्रास नको म्हणून मीच काल तू घरी गेल्यावर खुडल्या. नाहीतरी दुपारी उपटणारच होते ना ती रांग? आणि कळ्याच घेतल्या हो, शहाण्यासारख्या. रात्रभर पाण्यात राहिल्या की सकाळी मातेपुढे ताज्या उमल...” क्लारिताचा चेहरा बघून आन्तीचा आवाज विरत गेला. “नरच होते ना गं ते?”

क्लारिताला रडायचंही सुचेना. क्रिसांतोच हळू आवाजात म्हणाला, “आन्ती, पाण्यात ठेवल्यात म्हणालात ना?”

तिघंही एकमेकांकडे बघत राहिली. आणि मग तिघंही पळत सुटली.

चॅपलचं दार उघडलं तेव्हा आत रात्रीचा शिळा गारवा होता आणि एक मंद, ओला वास. मरियामातेच्या पायाशी मोठ्या पितळी पातेल्यात, आत्ता कुठे पाकळ्या सैल करत, पिवळी फुलंच फुलं तरंगत होती. क्रिसांतो गुडघ्यांवर बसला. एकेक फूल उचलून उजेडाकडे धरून बघू लागला.

“पराग जसाच्या तसा आहे. माशीचं पाऊल पडलेलं फूल मला ओळखता येतं. ह्यांना कुणी शिवलेलं नाही.”

क्लारिताने परडी पुढे ओढली. आणि आन्तीने तिचं मनगट धरलं.

“परत घ्यायची?” आन्तीने दुसरा हात पातेल्यावर धरला. “पोरी, वाहिलेली फुलं आहेत ती. मी नवस बोललेय. महिनाभर एक दिवस पाय रिकामे ठेवणार नाही म्हणून.”

“कशासाठी नवस?”

आन्तीने मातेकडे बघितलं. मग खाली बघत म्हणाली, “तुझं कुणाशी तरी जमावं म्हणून. तुला फोटोतले पसंत पडत नाहीत, तर... समोरचं कुणीतरी पडावं.”

क्लारिताला वर बघण्याचा धीर होईना. चार वर्षांची मेहनत परडीच्या काठाशी अडली होती, आणि मनगटावर मावशीचा म्हातारा हात.

“फुलं घेऊन जा,” क्रिसांतो म्हणाला. “दुपारची फुलं येईपर्यंत त्यांच्या जागी मी थांबतो. पाय रिकामे राहायला नकोत, एवढंच ना?”

आन्तीने डोळे बारीक केले. “हिजो, तिथे कशासाठी उभा राहतोयस ते कळतंय ना तुला?”

“कळतंय, आन्ती.”

“नीट विचार कर.”

“पहिल्या सकाळपासून तेच करतोय.”

क्लारिता फुलं परडीत भरत होती. कान जळत होते. परडी उचलून ती निघाली. दाराशी एकदा वळून बघितलं. तो मरियामातेपुढे, टोपी छातीशी धरून, शाळेतल्या मुलासारखा ताठ उभा होता.

मग काम. आन्तीने स्कर्ट खोचला आणि ती दोरे बांधायला बसली. पश्चात्तापाने तिची बोटं तरुण झाली होती. टोपी काढायची, नर फूल अलगद टेकवायचं, टोपी घालायची, लाल दोरा. एक मंडप झाला. दुसरा झाला. सूर्य नारळींच्या वर आला. क्लारिताला भान नव्हतं. फक्त हा शेवटचा मंडप राहिला, मग संपलं...

“अगं,” आन्ती म्हणाली, “ते कसलं गं रडणं?”

क्लारिताचा हात थांबला. पाटापलीकडून आवाज येत होता. रोजची दबकी गुणगुण नव्हती ती. उंच, तापलेली, कळवळलेली. ओली पोती केव्हाच वाळली होती, पेट्यांवर ऊन भाजत होतं आणि जाळ्या लावलेल्याच होत्या. जाळ्या काढणारा माणूस चॅपलमध्ये उभा होता.

तिने हातातल्या मादी फुलाकडे बघितलं. टोपी काढलेली, वाट बघत असलेलं. आता पोरी सोडल्या तर शेवटच्या मंडपातलं एकही फूल उघडता येणार नव्हतं. उघडलं तरी कुणाचा पराग पडला ह्याची खात्री देता येणार नव्हती. आणि दुपारनंतर बापाचा परागच उरणार नव्हता.

आणखी थोडा वेळ... तिच्या मनात येऊन गेलं. आलंच.

मग तिने ते फूल तसंच सोडलं, डोक्याला पंचा गुंडाळला आणि पाटात उतरली.

पेट्या हाताला चटका देत होत्या. तिने पहिली जाळी उपसली. आतून काळासोनेरी लोंढा बाहेर पडला. हातावर, पंच्यावर, तोंडाभोवती. बोटाला विस्तव लागल्यासारखं झालं. तिने दुसरी उपसली. तिसरी. ओठ घट्ट मिटून, डोळे किलकिले करून ती रांगेच्या टोकापर्यंत गेली, आणि मग बादली भरभरून पेट्यांवर पाणी ओतत राहिली, आतला आवाज हळूहळू उतरेपर्यंत. शेवटच्या मंडपावर एव्हाना मधमाश्या घुमू लागल्या होत्या. जिथे टोपी नव्हती तिथे, आरामात.

ती चॅपलमध्ये आली तेव्हा तो तिथेच होता. तसाच उभा. चेहरा घामाने निथळलेला, पांढरा पडलेला. त्याने आधी तिचं सुजलेलं बोट बघितलं, मग कानाजवळची लाल गाठ. आणि त्याने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला.

“उघडल्यात.”

“उघडल्या. एका पेटीत पोळं थोडं ढासळलंय. बाकी सगळ्या ठीक आहेत.” आणि मग तिचा बांध फुटला. “वेडा आहेस का तू? आठवण नव्हती?”

“तू” कधी आलं ते तिला कळलं नाही. त्याला कळलं.

“होती. प्रत्येक क्षणाला.”

“मग आला का नाहीस?”

“इथून हललो असतो तर पाय रिकामे झाले असते.” तो अडखळला. “आणि मला वाटत होतं, तुला ऐकू येईल. तू... टोप्यांवर पडलेलं दवसुद्धा ऐकतेस.”

“आणि नसतं आलं ऐकू?”

ह्याचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्या ठाऊक असण्याचं ओझं काही वेळ दोघांमध्ये राहिलं. मग त्याने तिचा हात हातात घेतला. बोट उजेडाकडे वळवलं. “चिमटीत धरून ओढायचा नसतो काटा. विष आत जातं. असा... नखाने खरवडायचा.”

काटा निघाला. हात तिथेच राहिला.

“किती मंडप झाले?”

“शेवटचा राहिला.”

त्याची मान खाली गेली. “माझ्या पोरींमुळे.”

“मी ठरवलं ते. पोरींना कशाला बोल लावतोस?” तिने मान वर केली. “चाचणीपुरतं बियाणं होईल. काठावर, पण होईल. पुढे काय निघतं ते पेरल्यावर कळेल.”

“आन्तींनी मला काय विचारलं होतं, ऐकलंस ना तू?”

“ऐकलं.”

“माझं उत्तर?”

“तेही.”

बाहेर दुपारच्या फुलांसाठी जमणाऱ्या पोरींची किलबिल लांबून ऐकू येऊ लागली होती. कुणीतरी कुणाच्या तरी कुंपणावरून ओरडा खात होतं.

“कलिंगडांचा बहर संपला की निघणार होतो मी,” तो म्हणाला.

“मग निघ ना. कुणी अडवलंय?” तिचे डोळे हसत होते. “माझं बोट तेवढं सोडून जा.”

त्याने त्या सुजलेल्या, लाल, मातीने भरलेल्या बोटाकडे बराच वेळ बघितलं. एखादं अवघड गणित पुढ्यात यावं तसं.

“ते,” तो म्हणाला, “जमेलसं वाटत नाही.”